आजचं चिंतन : गीता १८.६३ – शाळेत धर्म शिकवायचा म्हणजे नेमकं काय?



आज चिंतनाला गीतेच्या अठराव्या अध्यायातला ६३ वा श्लोक घेतलाय. गीता आता संपत आली आहे. कर्म सांगून झालं, ज्ञान सांगून झालं, भक्ती सांगून झाली. विश्वरूपही दाखवून झालं. आता भगवंत म्हणतील, "पुरे झालं, ऊठ आणि धनुष्य उचल," असं आपल्याला वाटतं. पण या श्लोकाचा आशय वेगळाच आहे. ते म्हणतात, हे गूढाहूनही गूढ ज्ञान मी तुला सांगितलं. आता त्याचा पुरता विचार कर, आणि मग तुला वाटेल तसं कर.

जरा थांबा इथे. ज्याच्या देहात अर्जुनाने अख्खं विश्व पाहिलं, तो गुरू शेवटी शिष्याला "तू ठरव" म्हणतोय. पुढे तीनच श्लोकांनी 'मला शरण ये' हेही येतं, ते विसरायचं नाही. पण त्या शरणागतीच्या आधी हे मोकळं दार आहे. दार बंद करून आत कोंडलेल्या माणसाने हात जोडले, तर त्याला शरणागती म्हणत नाहीत.

हा श्लोक आज निवडायचं कारण सांगतो. शाळेत धर्म शिकवावा का, हा प्रश्न आपल्या ग्रुप्सवर सारखा फिरत असतो. मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय मुलांकडून पाठ करून घेण्याची सूचना होती, आणि त्यावरून बराच वाद झाला. गुजरातने तर मार्च २०२२ मध्येच सहावी ते बारावीच्या वर्गांत गीता आणण्याची घोषणा केली होती. अशी बातमी आली की आपल्यासारख्या भाविकांना पहिल्यांदा आनंदच होतो. "चला, निदान पुढच्या पिढीच्या कानावर तरी पडेल!" हा आनंद खोटा नाही. पण चिंतन करायचं तर आपल्या आनंदालाही दोन प्रश्न विचारायला हवेत.

त्यासाठी आपण आज मनाने लेण्याद्रीला जाऊ.

अष्टविनायक यात्रा केलेल्यांना ठाऊकच आहे. जुन्नरपासून जवळ, कुकडी नदीच्या खोऱ्यात हा डोंगर. खाली पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढायचं, तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, माकडांपासून प्रसादाची पिशवी सांभाळायची, आणि वर गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं. गिरिजात्मज म्हणजे गिरिजेचा, पार्वतीचा पुत्र. आईने इथे बारा वर्षं तप केलं आणि गणराय तिच्या पोटी आले, अशी आपली श्रद्धा. अष्टविनायकांत डोंगरावरच्या लेण्यात बसलेला बाप्पा हा एवढाच.

आणि ज्या लेण्यात बाप्पा बसलाय, ते सातव्या क्रमांकाचं लेणं हा एक बौद्ध विहार आहे. मधे एकही खांब नसलेलं मोठं दालन आणि तीन बाजूंना कोरलेल्या मिळून वीस खोल्या. पावसाळ्याचे महिने भिक्खू इथे एका जागी राहायचे, ध्यान करायचे. शेजारचं सहावं लेणं हे चैत्यगृह. आत दगडात कोरलेला स्तूप आहे, आणि कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिल्याचा लेख तिथे कोरलेला आहे. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. कल्याण बंदरातून नाणेघाट चढून माल जुन्नरला यायचा, तो हा काळ. डोंगरात एकूण तीसेक लेणी आहेत, साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. जुन्नरच्या आसपासचे सगळे डोंगर धरले तर लेण्यांचा आकडा दोनशेच्या पुढे जातो. शिवनेरीच्या लेण्यांत तर इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे. कुठला तो परदेशी माणूस! इथे येऊन तहानलेल्यांसाठी पाण्याची सोय करून गेला.

आता डोळ्यांसमोर आणा. डिसेंबर-जानेवारीचे दिवस. एसटीच्या गाड्या करून माध्यमिक शाळांच्या सहली शिवनेरी-लेण्याद्रीला येतायत, दरवर्षी येतात तशा. नववीचा एक वर्ग पायऱ्या चढून वर आलाय. कुणी घरून आजीने दिलेल्या दूर्वा आणल्यात. कुणाच्या घरी बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख त्याला वाढदिवसासारखी पाठ आहे. कुणी मुसलमान आहे, कुणी जैन आहे, कुणाच्या घरी देवच मानत नाहीत. आणि त्यातलं एक पोर विचारतं, "मॅडम, इथे आधी गणपती होता की बुद्ध?"

मॅडमनी काय सांगायचं?

पहिला मार्ग सोपा. "चला, रांगेत उभे राहा, दर्शन घ्या, प्रश्न नंतर." वाद नको, पालकांची तक्रार नको. मुलं दर्शन घेतात, सेल्फी काढतात, खाली उतरतात. पण प्रश्न विचारणाऱ्या पोराला त्या दिवशी एक धडा मिळतो: देवाच्या दारात खरं विचारायचं नसतं. भाविक म्हणून मला हा धडा फार महागडा वाटतो.

दुसरा मार्गही सोपाच. "अरे, हे सगळं बौद्धांचं होतं. गणपतीची गोष्ट नुसती दंतकथा." हे बोलल्यावर दूर्वा आणलेल्या मुलीची मूठ घट्ट होते. तिच्या आजीला वर्गासमोर खोटं ठरवलंय, असं तिला वाटतं. तीही एक धडा शिकते: शाळेत आपली श्रद्धा लपवून ठेवायची.

तिसरा मार्ग कठीण आहे. मॅडम म्हणतात, "हे दालन बौद्ध भिक्खूंसाठी कोरलं. या खोल्या बघा, आत बसून बघा, किती लहान आहेत. ज्यांनी दान दिलं त्यांची नावं शेजारी दगडात आहेत. पुढे याच दालनात गणपतीची पूजा सुरू झाली, आणि लाखो लोक इथे पार्वतीच्या तपाची आठवण करत डोकं टेकवतात. पहिली गोष्ट आपल्याला दगड आणि लेख सांगतात. दुसरी श्रद्धा सांगते. दोन्ही नीट ऐका. कुणाचीही टिंगल करायची नाही. ज्याला नमस्कार करायचाय त्याने करावा, ज्याला शांत उभं राहायचंय त्याने शांत उभं राहावं." आणि पुढच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर त्या सरळ म्हणतात, "मला माहीत नाही, आपण शोधू."

धर्म आणि नीती शिकवणं म्हणजे मला हे वाटतं. तिने मुलांना एक माहिती दिली, आणि ती माहिती देतानाच सत्य, आदर आणि संयम या तीन गोष्टी करून दाखवल्या. आणि शेवटी गीता १८.६३ पाळलं: सगळं सांगितलं, आणि वाटेल तसं करायची मोकळीक दिली.

गंमत म्हणजे आपलं संविधानही याच वाटेने जातं. कलम २८ वाचून बघा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत, म्हणजे महाराष्ट्रातल्या असंख्य माध्यमिक शाळांत, धार्मिक शिक्षण किंवा उपासना असेलच, तर कोणालाही सक्ती करता येत नाही. संमती लागते, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. पण धर्मांविषयी शिकवणं ही वेगळी गोष्ट. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा फरक केला होता. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सांगितलं की, सगळ्या धर्मांची ओळख करून देणं म्हणजे कलम २८ ने मनाई केलेलं धार्मिक शिक्षण नव्हे. थोडक्यात, वर्गात गणपतीबद्दल, बुद्धाबद्दल, पैगंबरांबद्दल बोलायला बंदी नाही. सक्तीने हात जोडून घ्यायला आहे.

काही जण म्हणतील, "हे सगळं कायद्याचं झालं. आपल्या शास्त्रात सक्ती चालत असेल!" तर मग त्याच अठराव्या अध्यायात थोडं पुढे या. ६७ वा श्लोक. भगवंत बजावतात की हे ज्ञान ज्याच्यापाशी तप नाही, भक्ती नाही, ज्याला ऐकायची इच्छा नाही, त्याला सांगू नये. ऐकायची इच्छा नाही त्याला! आता साठ मुलांच्या वर्गात, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, हजेरी लागते म्हणून बसलेल्या मुलांपैकी किती जणांना ती इच्छा असेल? त्यांच्याकडून बारावा अध्याय घोकून घेतला, तर गीतेचा प्रसार होईल की गीतेचीच आज्ञा मोडेल? मी हा प्रश्न तुमच्यासमोर ठेवतोय. विचार तुम्हीच करा.

चौथ्या अध्यायातला ३४ वा श्लोकही इथे आठवतो. ज्ञान कसं मिळवायचं? प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नम्रता, पुन्हा पुन्हा विचारणं, आणि हाताने काही करणं. मधला शब्द आपण बऱ्याचदा गाळतो. पाया पडायला शिकवतो, कामं सांगतो, पण पोराने तिसऱ्यांदा "का?" विचारलं की "उलट बोलू नकोस" म्हणतो. परिप्रश्न काढून टाकला तर उरतं ते आज्ञापालन. ते लष्करात चालेल.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघू, कारण तीही खरी आहे. तुम्ही म्हणाल, "दादा, शाळेने नाही शिकवायचं तर कोणी शिकवायचं? पुण्या-मुंबईत दोन खोल्यांत आई-बाबा दोघं नोकरी करतात. आजी गावाकडे. संध्याकाळचं शुभं करोति राहिलं, हरिपाठ राहिला. मुलांना पुराणकथा कार्टूनमधून कळतात आणि धर्म फॉरवर्डमधून." हे अगदी खरं आहे, आणि ते नुकसान छोटं नाही. ज्या मुलाला आपल्या परंपरेचं काहीच माहीत नसतं, त्याला उद्या कोणीही येऊन तिच्या नावावर काहीही विकू शकतं. द्वेषसुद्धा. म्हणून शाळेने धर्माबद्दल मौन धरावं, असं मी अजिबात म्हणत नाही. लेण्याद्रीला नेऊन मुलांना नुसत्या पायऱ्या मोजायला लावणारी शाळा आपलं काम टाळतेय.

पण घराचं काम शाळेवर ढकलून आपण सुटतो का? ज्ञान शाळेने द्यावं. भक्ती मात्र घरातून, सत्संगातून, एखाद्या माणसाच्या सहवासातून लागते. याच जुन्नर तालुक्यात ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना त्यांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. एका व्याकुळ माणसाला एका गुरूने दिलेला मंत्र! त्याला ना हजेरीपट, ना गुणपत्रिका. जी गोष्ट मुळातच अशी एकाकडून एकाला मिळते, ती परिपत्रकाने साठ जणांना एकदम कशी मिळेल?

राहिला प्रश्न नीतीचा. आपल्या शाळांत मूल्यशिक्षण आहेच. दहा मूल्यं आहेत: श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता वगैरे. परिपाठात सुविचार असतो, फळ्यावर बोधकथा असते. मुलं मूल्यं पाठही करतात. पण 'संवेदनशीलता' शुद्ध लिहिता येणं आणि संवेदनशील असणं यात केवढं अंतर! पहिल्याला गुण देता येतात. दुसऱ्याला कसे देणार?

याच तालुक्यात आळे गावी एक समाधी आहे. माणसाची नाही, रेड्याची. माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा इथे शांत झाला, असं परंपरा सांगते. ही गोष्ट आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपण ती नेहमी वेदांपासून सांगतो. चमत्कार मोठा म्हणून. परंपरेत तिचा आधीचाही एक भाग सांगतात. पैठणला ज्ञानोबांनी म्हटलं की या रेड्यातला आणि माझ्यातला आत्मा एकच. लोकांनी रेड्यावर आसूड ओढला, आणि वळ उमटले ते ज्ञानोबांच्या पाठीवर. वेद त्यानंतर.

आधी वळ, मग वेद. शाळेत धर्म-नीती शिकवण्याचा मला समजलेला क्रम एवढाच आहे. दुसऱ्यावर ओढलेल्या आसुडाचा वळ आपल्या पाठीवर उमटायला हवा. शेवटच्या बाकावर एकट्या बसणाऱ्या मुलाच्या आडनावावरून कोणी हसलं, तर ते आपल्याला लागायला हवं. ते लागत नसेल आणि बारावा अध्याय तोंडपाठ असेल, तर आपण क्रम उलटा केलाय. आणि गंमत बघा, बाराव्या अध्यायात भक्ताची जी लक्षणं सांगितलीत, त्यात पहिलंच आहे ते कोणाचाही द्वेष न करणं आणि सर्वांशी मैत्रीने, करुणेने वागणं. म्हणजे हा अध्याय पाठ झाला का, हे तोंडी परीक्षेत कळणारच नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडताना कळेल.

हे खरंच जमतं का? एका माणसाचं उदाहरण घेऊ. साने गुरुजी १९२४ ते १९३० अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, आणि तिथल्या वसतिगृहाचीही जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी न बोलता स्वतः खोल्या झाडत, अंथरुणं आवरत. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती आपलं आपण आवरू लागली. श्रमप्रतिष्ठेचा तास कुठेच झाला नाही, पण धडा झाला. हेच गुरुजी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते लिहून घेत. आज आपण 'गीता प्रवचने' वाचतो ती त्या लेखणीमुळे. आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केलं. मंदिर खुलं झालं. गीता ज्यांनी अक्षर न् अक्षर लिहून घेतली, त्यांना विठोबाच्या दारात अडवलेल्या माणसाचा वळ स्वतःच्या पाठीवर जाणवला. त्यांची प्रार्थना अजून कित्येक शाळांच्या परिपाठात म्हटली जाते. मुलं ती म्हणतात तेव्हा तिच्यामागचं उपोषणही कोणीतरी सांगायला हवं.

तेव्हा, मंडळी, तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना एवढंच सांगणं. वर्गात सगळं खरं सांगा, आदराने सांगा, आणि शेवटी मुलांना मोकळं सोडा. मूल ऐकून घेऊन नमस्कार न करता निघून गेलं, तर तुम्ही हरला नाहीत. भगवंतानेही अर्जुनाला आधी तेवढी मुभा दिलीच होती. आणि जे पालक आहेत, किंवा कोणाची मावशी, काका, ताई, दादा आहेत, त्यांनी शाळेच्या अभ्यासक्रमात काय येतंय यावर वाद घालण्याआधी घरातल्या देवघरासमोर दहा मिनिटं मुलाबरोबर बसून बघावं. तो प्रश्न विचारेल. विचारू द्या.

आणि आपल्या मनातल्या एका भीतीबद्दल. गणपतीच्या दालनात आधी भिक्खू राहत होते, हे मुलांना कळलं तर त्यांची श्रद्धा कमी होईल, असं आपल्याला कुठेतरी वाटतं. मला उलट वाटतं. जो बाप्पा ज्ञानाची देवता आहे, विद्येच्या आरंभी ज्याला वंदन करतो, तो खरं कळल्याने कसा दुखावेल? ज्या खोल्यांत शेकडो वर्षं माणसं डोळे मिटून शांत बसली, त्याच खोल्यांच्या मधोमध तो बसलाय. त्याला ते शेजारी कधीच परके वाटले नसणार.

आजचा छोटासा संकल्प: या आठवड्यात घरातल्या एखाद्या लहानग्याचा देवाबद्दलचा एक प्रश्न न झटकता पूर्ण ऐकायचा. उत्तर येत असेल तर खरं द्यायचं. येत नसेल तर "चल, शोधू" म्हणायचं. आणि दुसऱ्या धर्माच्या एका मित्राला त्याच्या सणाबद्दल एक खरा प्रश्न विचारायचा, उत्तर मधे न तोडता ऐकायचं.

उद्या ६४ वा श्लोक घेऊ. भगवंत तिथे अर्जुनाला 'तू माझा अतिशय लाडका आहेस' असं सांगतात. "तुला वाटेल तसं कर" म्हटल्यावर लगेच पुढच्या श्लोकात! मोकळं सोडलं म्हणून प्रेम कमी झालं नाही, हे लक्षात ठेवून झोपा.

राम कृष्ण हरी!